पटणे, बसणे आणि ठेवणे : पंडिता रमाबाईंचा ख्रिस्तविषयक निर्णय

पंडिता रमाबाईंविषयी जे विपुल लेखन झाले आहे त्यात त्यांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. त्यांनी धर्म का सोडला, हा एक. आणि त्यामुळे महाराष्ट्रातील स्त्रीसुधारणेच्या कार्याची हानी झाली की लाभ, हा दुसरा. दोन्ही प्रश्न समाजाचे आहेत. परंतु ज्या प्रश्नाने स्वतः रमाबाईंना निदान आठ वर्षे स्वस्थता लाभू दिली नाही तो प्रश्न ह्याहून वेगळा होता. ख्रिस्त कोण, आणि त्याच्याविषयी आपण स्वतः काय मानावयाचे, हा तो प्रश्न. शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना प्रथम लोक आपल्याविषयी काय म्हणतात ते विचारतो, आणि त्यांची उत्तरे ऐकून घेतल्यावर, तुम्ही स्वतः काय म्हणता, असे विचारतो. रमाबाईंच्या चरित्रकारांनी पहिल्या प्रश्नाचीच उत्तरे गोळा केली आहेत, दुसऱ्याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले आहे, असे म्हणावे लागते.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास करण्यास साधनांची वाण नाही. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या सिस्टर जेराल्डीन ह्यांनी जपून ठेवलेला पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांनी संपादित केला व तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यातील इंग्लंडमधील वास्तव्यकाळातील पत्रे हा ह्या विषयाचा एक आधार, आणि १९०७ साली रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेले आत्मनिवेदन हा दुसरा. मराठी ख्रिस्ती समाजात अशा निवेदनास ‘साक्ष’ म्हणतात. ही दोन साधने परस्परांशी सहजासहजी जुळत नाहीत, आणि अभ्यासकांची खरी अडचण तेथेच आहे. श्रद्धाळू चरित्रकार साक्षीच्या प्रकाशात पत्रे वाचतात व त्यांतील शंकांना अपरिपक्व मनाचे चाळे समजतात. अलीकडचे स्त्रीवादी अभ्यासक पत्रांतील बंडखोरीस खऱ्या रमाबाई मानतात आणि साक्षीस उतरत्या वयातील शरणागती लेखतात. दोन्ही पक्षांनी उत्तर आधीच निश्चित केलेले असते.

ह्या कोंडीतून वाट काढण्यास मराठी भाषेचा एक साधा भेद उपयोगी पडण्यासारखा आहे. इंग्रजीत जेथे एका क्रियापदावर काम भागते तेथे मराठीत तीन निरनिराळ्या रचना आढळतात. एखादी गोष्ट माणसास ‘पटते’. तिच्यावर त्याचा विश्वास ‘बसतो’. किंवा तो तिच्यावर विश्वास ‘ठेवतो’. पहिल्या रचनेत माणूस चतुर्थीत आहे, तो केवळ अनुभव घेणारा. पटण्याचे कारण त्याच्या बाहेर, प्रमाणांत असते. दुसऱ्या रचनेत वाक्याचा कर्ता माणूस नसून विश्वास आहे. तो पाखरासारखा येऊन बसतो किंवा बसत नाही. तिसऱ्या रचनेत मात्र माणूस कर्ता आहे. एखादी ठेव सावकाराकडे ठेवावी त्याप्रमाणे तो जाणूनबुजून, धोका पत्करून, आपला विश्वास दुसऱ्याच्या हाती देतो. आज्ञार्थाच्या कसोटीस ह्या तीन रचना लावल्या म्हणजे भेद अधिक स्पष्ट होतो. ‘विश्वास ठेव’ असे सांगता येते. ‘विश्वास बसू दे’ ही फार तर विनंती होते. ‘पटणे’ ह्या क्रियापदाचा तर सरळ आज्ञार्थ होतच नाही. मनुष्याने काय मानावे हे तो स्वतः ठरवू शकतो काय, ह्या जुन्या वादाचे बीज ह्या व्याकरणात आहे. नव्या कराराच्या ग्रीकमध्येही अमुक गोष्ट खरी आहे असे मानणे आणि अमुक व्यक्तीच्या ठायी विश्वास टाकणे ह्यांच्या रचना वेगळ्या आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात ‘च्या ठायी’ हा अर्थ दाखविणाऱ्या शब्दयोगी अव्ययासह ते क्रियापद वारंवार येते. रमाबाईंनी पुढे बायबलाच्या भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक ह्या दोन्ही भाषांचा अभ्यास केला; तेव्हा हा भेद त्यांच्या नजरेतून सुटला असेल असे संभवत नाही.

ह्या दृष्टीने पत्रांकडे पाहावे. रमाबाई १८८३ साली आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तत्पूर्वीची त्यांची वाटचाल लक्षात घेतली नाही तर पुढील वादाचे मर्म कळणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची ही कन्या आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत वाढली. देवाने मनुष्यरूप घ्यावे ह्यात पुराणिकाच्या मुलीस नवल वाटण्याचे कारणच नव्हते. परंतु दुष्काळात आईवडील व बहीण गमावल्यावर त्या श्रद्धेचा पाया ढासळला, आणि पुढे कलकत्त्यातील ब्राह्म मंडळींच्या सहवासात, ब्राह्म मताच्या बिपिनबिहारी दास ह्यांच्याशी झालेल्या विवाहात व १८८२ मध्ये पुण्याच्या प्रार्थनासमाजाच्या वर्तुळात त्यांच्या मनात जो एकेश्वरवाद स्थिरावला त्यात अवतारास स्थान नव्हते. म्हणजे ख्रिस्ताचे ईश्वरत्व स्वीकारणे म्हणजे त्यांच्या लेखी एका नव्या गोष्टीचा स्वीकार नव्हता. महत्प्रयासाने मागे टाकलेल्या एका जुन्या गोष्टीकडे परत वळणे होते. सिस्टर जेराल्डीन ह्यांस हे कधीच उमगले नाही. त्यांना दिसत होती ती नवख्या शिष्येची हट्टी अक्कल.

मग बाप्तिस्मा घेतला तो कशाच्या बळावर? साक्षीत ह्याचे जे उत्तर मिळते ते फार बोलके आहे. मठाच्या भगिनींनी रमाबाईंना लंडनमधील फुलम येथे पतित स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयस्थान दाखविले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ही सेवा कशासाठी, असे विचारले असता उत्तरादाखल त्यांना येशू व शोमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. स्त्रीचा व शूद्राचा मोक्षावर हक्क नाकारणारी वचने ज्यांनी मुखोद्गत केली होती त्या रमाबाईंना येथे काहीतरी निःसंशय ‘पटले’. नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे ह्यांच्या लेखनाने उरलेला तात्त्विक अडसर बराचसा दूर केला, असेही त्या सांगतात. परंतु जे पटले ते ख्रिस्ताच्या वागण्याविषयी होते; त्याच्या स्वरूपाविषयी नव्हे. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्याचा अलौकिक जन्म ह्या मुद्द्यांवर त्यांचा विश्वास ‘बसला’ नव्हता, आणि चर्चची मागणी तर तो ‘ठेवावा’ अशी होती.

१८८४ नंतर, चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीत असता, ही फट रुंद होत गेली. अथानेशियसच्या नावाने ओळखले जाणारे मतपत्र त्यांना मान्य करवेना. जे असे मानणार नाहीत त्यांचे तारण होणार नाही, ही त्यातील धमकी त्यांना विशेष खुपत होती, हे समजण्यासारखे आहे. आपल्या देशातील पुरोहितवर्गाचे जोखड आताच कोठे मानेवरून उतरविले असताना दुसरे तसेच जोखड घेण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी जेराल्डीन ह्यांना स्पष्ट कळविले. बायबल स्वतः वाचून, विवेकबुद्धीस साक्षी ठेवून, जे त्यात आढळेल तेवढेच आपण मानू, ही त्यांची भूमिका होती. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील अधिक समजूतदार होत्या. शंका दाबून विझत नाहीत हे त्या जाणून होत्या. जेराल्डीन ह्यांची भूमिकाही केवळ हटवादाची म्हणून निकालात काढणे न्याय्य होणार नाही. शतकानुशतके अनेकांनी मिळून जपलेल्या श्रद्धेचा निवाडा एका व्यक्तीने दोन वर्षांच्या वाचनावर करू नये, ह्या म्हणण्यात तथ्य आहे. दुर्दैव असे, की हाच युक्तिवाद रमाबाईंनी आपल्या देशात शास्त्रीमंडळींच्या तोंडून ऐकला होता. शिवाय रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असा सल्ला मुंबई व लाहोर येथील बिशपांनी ह्याच सुमारास दिला. तेव्हा मताचा प्रश्न आणि सत्तेचा प्रश्न एकमेकांत गुंतून गेले.

ह्या पत्रव्यवहारातील एका लहानशा वादाची दखल भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य घ्यावी. मठाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती आपल्या गळ्यातील क्रूसावर का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न रमाबाईंनी केला. ब्राह्मणांस संस्कृताविषयी जे वाटते तेच तुम्हांस लॅटिनविषयी वाटते काय, असा टोलाही त्यांनी लगावला. वरवर पाहता ही देशाभिमानाची कुरबूर वाटते. वस्तुतः तीत सिद्धांताचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखादे सत्य जर विशिष्ट भाषेच्या शब्दांवाचून सांगताच येत नसेल, तर माणूस सत्य मानतो की शब्द? ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात नाही, ही रमाबाईंची तक्रार ह्याच जातीची आहे.

मराठीत तर हा गुंता आणखीच वाढतो. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे योजिला. ‘प्रभु’ हा शब्द मालकापासून परमेश्वरापर्यंत कोणासही लागतो. मूळ ग्रीक शब्दाचीही तीच तऱ्हा असल्यामुळे, ख्रिस्तास प्रभु म्हणणाऱ्याने त्याचे ईश्वरत्व मान्य केले की नाही हे नुसत्या शब्दावरून ठरत नाही. ‘तारण’ हा शब्द त्याहून मौजेचा. नदीपार नेणे हा त्यातील ‘तॄ’ धातूचा भाव. परंतु बाजारात तारण म्हणजे कर्जापोटी गहाण टाकलेली वस्तू. विश्वास ‘ठेवावा’ आणि तारणही ‘ठेवावे’, अशी मराठीची रीत आहे. रमाबाईंनी आपल्या बायबल-भाषांतरात साध्या, सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीचा आग्रह धरला आणि हिंदू दर्शनांच्या छटा चिकटलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले, ह्याचे मूळ वाँटेजच्या वादात शोधणे वावगे ठरणार नाही. शब्दाबरोबर नकळत आत शिरणारे मत त्यांना नको होते. मग ते रोमचे असो वा काशीचे. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, केडगावच्या मुक्तिमिशनने प्रसिद्ध केले. वाङ्मयीन गुणांच्या दृष्टीने ते रुक्ष आहे हे मान्य करावयास हवे. परंतु त्यामागील हेतू न पाहता त्यास केवळ अपयश म्हणणाऱ्यांनी घाई केली आहे.

आता साक्षीकडे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशी जाणीव झाल्याचे रमाबाई तीत सांगतात. हे विधान शरणागतीचे आहे काय? पत्रांतील वाद ज्यांना केवळ बुद्धिस्वातंत्र्याचा वाटतो त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नीट पाहता ह्या विधानात जेराल्डीन ह्यांचा विजय नाही. ज्यास त्या धर्म म्हणत होत्या, मते, मतपत्रे, अधिकारपरंपरा, ते पुरेसे नव्हते, असेच रमाबाई येथेही म्हणत आहेत. बदल झाला तो रचनेत. १८८५ मध्ये ‘ख्रिस्त अमुक आहे, हे खरे काय?’ अशा गौणवाक्यावर त्यांचे मन अडले होते. साक्षीत गौणवाक्य गळून पडले आहे आणि ‘ख्रिस्तावर’ एवढेच उरले आहे. हा विश्वास त्यांनी ठेवला, तो त्यांच्याकडे कोणी ठेवून घेतला नाही. मधल्या काळात त्या अमेरिकेस गेल्या, १८८९ मध्ये शारदासदन उघडले, आणि कोणत्याही एका पंथाच्या दावणीस स्वतःला बांधून घेतले नाही. निर्णयास लागणारा अवकाश त्यांनी स्वतः मिळविला होता.

तथापि साक्षीत काही हरवले आहे, हेही नाकारता येत नाही. साक्ष ह्या वाङ्मयप्रकारास आधीचा काळोख लागतो. त्यावाचून नंतरचा उजेड दिसत नाही. त्यामुळे वाँटेज व चेल्टनहॅम येथील रमाबाईंची तीक्ष्ण तर्कबुद्धी तेथे नुसती अंधारात जमा झाली आहे. पत्रांतील उपरोध, त्या इंग्रजीचा ताठ कणा, प्रश्नास प्रश्नाने उत्तर देण्याची शास्त्रार्थी सवय, ह्यांपैकी काहीच उरत नाही. शैलीच्या दृष्टीने पत्रे निःसंशय सरस आहेत.

रेव्हरंड टिळकांशी तुलना केली म्हणजे रमाबाईंचे वेगळेपण अधिक उठून दिसते. टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात नव्या कराराची प्रत मिळाली, गिरिप्रवचनाने त्यांस जिंकले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या वाटेत भक्तीचा पूल होता. तुकोबांचे ऋण ते उघडपणे मानीत. पुढे १९१७ साली स्थापिलेल्या ‘देवाच्या दरबारा’त त्यांनी बाप्तिस्मा झालेले व न झालेले असा भेदच ठेवला नाही. कवीस ख्रिस्ताच्या स्वरूपाचा निवाडा करण्याची निकड भासली नाही. संबोधनाने त्याचे काम झाले. लक्ष्मीबाईंची तऱ्हा आणखी निराळी. ‘स्मृतिचित्रे’त त्यांचा निर्णय सोवळ्याओवळ्याच्या, कोणाच्या हातचे पाणी प्यावे ह्या प्रश्नाच्या वाटेने येतो, जातिभेद देवाने केला नाही हे एकदा मनाने घेतले, की बाकीचे ओघानेच झाले. रमाबाईंना ह्यांपैकी कोणतीच सोय नव्हती. अभंगाची भाषा त्यांच्या घरची नव्हती. त्यांच्या घरची भाषा पुराणाची व शास्त्राची, आणि शास्त्रात शब्दाचा अर्थ ठरल्यावाचून पुढे जाता येत नाही.