'मर्मर' : अस्पष्ट शब्दांचे गाणे

वेदीवरून वाचलेले वचन शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचले पाहिजे, ही शिस्त आम्हांस सेमिनरीत लागली. त्यामुळे 'आर. ई. एम.' या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाची 'मर्मर' (१९८३) ही पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका ऐकताना आम्ही प्रथम अस्वस्थच झालो. गायक मायकेल स्टाइप शब्द जणू ओठांतच विरघळू देतो. तरीही बाराही गीते संपेपर्यंत आम्हांस उठवले नाही.

जॉर्जिया राज्यातील अथेन्सच्या या चार तरुणांनी ५ एप्रिल १९८० रोजी आपला पहिला कार्यक्रम केला, तो उपासनेसाठी वापरात नसलेल्या एका जुन्या एपिस्कोपल चर्चमध्ये. ध्वनिमुद्रण करताना त्यांनी त्या काळी बोकाळलेला सिंथेसायझर आणि गिटारचे प्रदर्शनी एकलवादन कटाक्षाने टाळले. पीटर बक तारा एकेक करून छेडतो. माइक मिल्सचे बास गिटार केवळ ताल न धरता स्वतंत्र सुरावट गाते. येथे कोणी कोणावर कुरघोडी करीत नाही. हा संयम या कृतीचे खरे बळ होय. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या समीक्षकांनी तिला त्या वर्षीची सर्वोत्तम ठरवले, ते उगाच नव्हे.

शब्द न कळताही मन कसे वळते? आमच्या आजी-आजोबांनी लॅटिन मिस्सात भक्तिभावाने भाग घेतला. प्रत्येक शब्द कळत नसे, तरी अंतःकरण नमत असे. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषेला स्थान दिले, कारण श्रद्धावंतांचा जाणीवपूर्वक सहभाग तिला हवा होता. भाव आणि बोध यांची फारकत फार काळ चालत नाही.

हीच कसोटी 'टॉक अबाउट द पॅशन' या गीताला लावावी लागते. शीर्षकातील 'पॅशन' म्हणजे उत्कट आवेग. तेच ख्रिस्ताचे दुःखसहनही. गीताचा विषय भूक आहे. सुरावट हृदयस्पर्शी आहे, पण भुकेल्याचा चेहरा शब्दांच्या धुक्यात हरवतो. १९८८ साली या गीताची चित्रफीत निघाली. तीत रस्त्यावरची बेघर माणसे आणि युद्धनौका शेजारी शेजारी दिसली, तेव्हा कोठे आशय उघड झाला.

स्वतःच्या मनातील कालवाकालव कुजबुजीत सांगता येते. दुसऱ्याची भूक मात्र स्पष्ट शब्दांतच सांगावी लागते. आपल्या मुलांच्या खोलीतून असे संगीत ऐकू आले, तर पालकांनी दार वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबून ऐकावे. मग आत जाऊन अर्थही अवश्य विचारावा.