फुलीचं टोक

चपट्या पेचकसाच्या टोकात वाचण्यासारखं थोडंच असतं. एक पातं, एक सरळ खाच. जोर बाजूला गेला की पातं निसटतं आणि लाकडावर ओरखडा उठतो.

खरी गोडी फुलीत आहे. हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टार’ किंवा ‘प्लस’ मागितला की बहुधा फिलिप्सच हाती येतो. त्याचे चारही पंख मध्याकडे निमुळते होत जातात आणि शेवटी टोक भोथरं सुटतं. म्हणून ते खाचेत जरा तिरकं टेकवलं, तरी वाटीत सोडलेल्या गोटीसारखं आपसूक मध्यावर येतं. पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन यांची मूळ कल्पना घेऊन ती पुढे नेली, आणि 1936 मध्ये कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत हे स्क्रू बसू लागले. धावत्या जुळणीपट्ट्यावर मध्य शोधत बसायला कामगाराला सवड कुठली? ते काम या टोकाने स्वतःकडे घेतलं. पण त्याची किंमतही त्याच उतारात आहे. पीळ वाढला की तिरप्या भिंती पेचकसाला वर ढकलतात, आणि तो घसरून खाच गुळगुळीत होते. जास्त आवळलं जाऊ नये म्हणून ही मुद्दाम केलेली सोय, असं सांगतात. मूळ पेटंटांत मात्र तसा दावा नाही.

1960च्या दशकात आलेला पोझिड्राइव्ह पाहिला की ही ओढाताण कशी सोडवली ते कळतं. पंखांच्या भिंती जवळजवळ सरळ उभ्या, आणि दोन पंखांमधल्या प्रत्येक घळीत एक बारीक कणा. स्क्रूच्या डोक्यावरही फुलीच्या हातांमध्ये चार नाजूक तिरप्या रेषा असतात. मला फुल्यांमधली हीच सर्वांत देखणी वाटते, कारण यातली एकही रेष शोभेची नाही: त्या ओळख पटवतात. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांवर त्या बऱ्याचदा दिसतात. तिथे फिलिप्स घातला तर तो डुगडुगतो. उलट, फिलिप्सच्या खाचेत पोझिड्राइव्ह पुरता उतरतच नाही.

जपानी फुली आणखी फसवी. फिलिप्सशी तिचं इतकं साम्य की फरक डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या डोक्यावर, फुलीच्या बाजूला, एक बारीक ठिपका असतो. जुन्या जपानी मोटारसायकलीच्या इंजिनाचं झाकण उघडायला घेताना आधी तो शोधावा, मग पेचकस निवडावा.