कोबीतला किडा आणि तीन अर्धी वाक्ये

कोबी किंवा फ्लॉवर खाल्ल्याने कुणाच्या तरी मेंदूत किडा गेला, ही बातमी अधूनमधून फिरत असते. वर्गात मुले विचारतात, "सर, खरंच का हो?" आपल्याला पाठ्यपुस्तकातले पट्टकृमीचे जीवनचक्र आठवते आणि आपण सांगतो, "छे! तो डुकराच्या मांसातून येतो." बातमी चूक आहेच, पण आपले उत्तरही अर्धेच आहे. पट्टकृमीच्या अळीने मेंदूत पुटी करून राहणे, म्हणजेच न्यूरोसिस्टिसर्कोसिस, या आजारावरच्या लोकप्रिय लेखनात अशी तीन अर्धी वाक्ये हमखास भेटतात. त्यांची ही तपासणी.

पहिले वाक्य : "अर्धकच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने कृमी मेंदूत जातो." अशा मांसात अळ्यांच्या पुटी असू शकतात हे खरे. पण त्या खाल्ल्या तर आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो, मेंदूत नव्हे. 1855 मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख क्युखेनमायस्टर याने देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्याला नकळत अशा पुटी खाऊ घातल्या आणि शिक्षेनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून दाखवले. मेंदूचा आजार होतो तो कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे. ही अंडी येतात पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून. म्हणजे कोबीवरची हिरवी अळी निर्दोष! दोष मैलामिश्रित पाण्याचा आणि न धुतलेल्या हातांचा.

म्हणूनच शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. 1992 मध्ये न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू कुटुंबांत असे रुग्ण आढळल्याचे प्रसिद्ध झाले. डुकराचे मांस तर त्यांना धर्मानेच वर्ज्य. शोध घेता एका घरी काम करणाऱ्या व्यक्तीला पट्टकृमीचा संसर्ग असल्याचे दिसले. पोटात पट्टकृमी असून त्या माणसाला त्याची जाणीवही नसणे, हे नेहमीचेच आहे.

हा तपशील क्षुल्लक नाही. अर्धे वाक्य शिकवले की सारा दोष डुकरे पाळणाऱ्या वस्तीच्या माथी जातो आणि "आम्ही मांस खात नाही" म्हणणारा निर्धास्त राहतो. उघड्यावरची विष्ठा, मोकाट डुकरे आणि माणसे यांचे चक्र तोडायचे, तर शौचालय आणि साबण हे शब्द धड्यात यायलाच हवेत. जीवनचक्राच्या आकृतीत 'माणसाची विष्ठा ते माणसाचे तोंड' हा बाण बहुधा नसतो. तो आपण खडूने काढावा.

दुसरे वाक्य : "शस्त्रक्रिया करून मेंदूतला किडा काढला." यात शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय, असा ग्रह होतो. खरा इतिहास याहून रंजक आहे. 1980 च्या दशकात आपल्याकडे सीटी स्कॅन होऊ लागले, तेव्हा आकडी येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी गाठ दिसू लागली. ही क्षयाची गाठ असावी असे मानून अनेकांना क्षयाची औषधे दीर्घकाळ दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चंडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांच्या गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. बहुतेकांत पट्टकृमीची मरू घातलेली अळी निघाली! गाठ 20 मिलिमीटरपेक्षा लहान असणे, मेंदूतला दाब वाढलेला नसणे, अशा खुणांवरून शस्त्रक्रियेवाचून निदान करण्याचे निकष त्यांनी पुढे ठरवले. थोड्या जणांच्या मेंदूवर चाकू चालला, म्हणून पुढच्या पुष्कळांचा चाकू टळला. शस्त्रक्रियेचे यश येथे 'किडा काढण्यात' नसून 'कळण्यात' आहे. आज मेंदूच्या पोकळीत पुटी अडकली किंवा पाणी साठून दाब वाढला, तर शस्त्रक्रिया लागते. इतर बहुतेक रुग्णांना आकडी थांबवणारी औषधे आणि गरजेनुसार अल्बेंडाझोल व स्टेरॉइड दिले जाते.

तिसरे वाक्य : "प्राण्यांवरील चाचण्यांत औषध निर्धोक ठरले." किंवा याच्या अगदी उलट! दोन्ही बातम्या एकाच औषधाबद्दल खऱ्या असू शकतात. अल्बेंडाझोलचेच पाहा. ब्रूस एम्स यांनी 1970 च्या दशकात रूढ केलेल्या चाचणीत जीवाणूंच्या जनुकांत बदल होतात का, ते पाहतात. अल्बेंडाझोल तीत निर्दोष ठरते. पण ते कृमीला मारते कसे? पेशीतील ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून. हेच प्रथिन आपल्या पेशीविभाजनात गुणसूत्रे ओढणारे तर्कुतंतू बनवते. जीवाणूत तर्कू नसतोच. मग ही चाचणी तो बिघाड दाखवणार कशी? त्यासाठी सूक्ष्मकेंद्रक चाचणी असते. उंदराच्या अस्थिमज्जेत तांबडी पेशी तयार होताना आपले केंद्रक बाहेर टाकते. मागे राहिलेले गुणसूत्र असलेच, तर ते ठिपक्यासारखे दिसते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत या औषधाने असे ठिपके वाढल्याचे दिसले आहे. गाभण उंदीर व सशांच्या पिलांत व्यंगेही आढळली आहेत. उंदरांवरील सूक्ष्मकेंद्रक चाचणीत मात्र औषध निर्दोष ठरले. यात विसंगती नाही. तर्कू बिघडण्यास ट्यूब्युलिनचे पुष्कळ रेणू अडावे लागतात, म्हणून ठराविक मात्रेच्या खाली परिणाम होत नाही.

हे आपल्या अगदी जवळचे आहे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला हीच गोळी शाळेत आपण स्वतः वाटतो. मात्रा 400 मिलिग्रॅम, एकदाच. मेंदूच्या आजारात किलोमागे रोज 15 मिलिग्रॅम देतात. 40 किलो वजनाच्या रुग्णाला दहा दिवसांत 6000 मिलिग्रॅम, म्हणजे 15 पट! "उंदरांवर घातक" एवढेच वाचून गोळी नाकारणारे पालक आणि "पूर्ण निर्धोक" म्हणून गरोदर बाईलाही ती घे म्हणणारा शेजारी, दोघेही अर्ध्या वाक्याचेच बळी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, हा आजार पसरलेल्या प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमागे हा कृमी असतो. वर्गात आकडी आलेल्या मुलाला कांदा हुंगवणाऱ्या गर्दीत, "याला डॉक्टरकडे नेऊ, हे बरे होऊ शकते" असे म्हणणारा एक तरी शिक्षक हवा. आणि पुढची बातमी आली की मुलांनाच विचारू द्यावे : अंडी कुणाची? शस्त्रक्रिया कशासाठी? चाचणी कोणती, मात्रा किती?