तीस गुंठ्यांचे प्लायवुड : लहान ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे शेतदेखावे इतिहासाचे साधन म्हणून

दिवाळीच्या किल्ल्यांबद्दल आपल्या सीमाभागात पुष्कळ लिहिले जाते. बुरूज बरोबर आहे का, महादरवाजा कुठल्या दिशेला हवा, यावर आपली मंडळी तावातावाने बोलतात. पण त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी पोरे जे शेत करतात, त्याकडे कोणी इतिहास म्हणून बघत नाही. आता तर बेळगाव, चिकोडी, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात काही मुले किल्ला सोडून नुसते शेतच करतात. उसाचा फड, विहीर, पाट, गोठा, आणि मधोमध हाताने बनवलेला ट्रॅक्टर, मागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. चाके चपलेच्या रबराची, आस सायकलच्या स्पोकचा, चॅसी सनबोर्डची किंवा पत्र्याची, ऊस म्हणजे खराट्याच्या काड्या.

हे देखावे खेळणी म्हणून सोडून द्यायचे की साधन म्हणून वाचायचे, हा या टिपणाचा प्रश्न आहे. माझे मत दुसऱ्या बाजूचे. पण एकदा साधन म्हटले, की मग कौतुकावर भागत नाही. ताम्रपटाची तपासणी करतो तशी याचीही करायला हवी. माझी निम्मी नोकरी उद्यमबागेत ड्रॉइंग आणि व्हर्नियर हातात धरून गेली, त्यामुळे मी सुरुवात मापापासून करतो.

आधी थोडी वंशावळ

लहान आकाराचे शेत ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. बेंदराला मातीचे बैल पुजायची रीत आपल्या घरांत आहे, आणि कन्नड घरांत मण्णेत्तिन अमावास्येला तेच होते. म्हणजे दोन्ही भाषांच्या घरांत औताचे जनावर हातभर आकारात आधीपासून येत होते. फक्त ते पूजेसाठी होते, हुबेहूबपणासाठी नव्हते.

हुबेहूब शेत विकायला सुरुवात केली ती इंग्लंडमधल्या ब्रिटन्स कंपनीने. ही मूळची शिशाचे सैनिक बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर घराघरांत माणसे गमावलेली, त्यामुळे लढाईच्या खेळण्यांवरून लोकांचे मन उडाले होते. तेव्हा १९२१ च्या सुमारास त्यांनी ‘होम फार्म’ नावाची मालिका काढली. शेतकरी, त्याची बायको, गायी, घोड्याच्या गाड्या. गंमत बघा, या शेतात त्यांचा फोर्डसन मेजर ट्रॅक्टर आला तो १९४८ मध्ये. तोवर पाव शतकाहून जास्त काळ ते शेत घोड्यावरच चालले. त्या वेळच्या इंग्रजी शेतीत घोड्याला काय जागा होती, हे आज ती खेळणी बघूनही कळते. हेतू नसताना झालेली नोंद ती हीच.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि फाउंड्रीवाल्या बेळगावकरांना ती जवळची वाटेल. आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी फ्रेड अर्टल नावाचा मोल्डर होता. १९४५ मध्ये काम सुटलेले असताना त्याने घराच्या तळघरात भट्टी लावली, युद्धातून उरलेल्या विमानांचे ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवले आणि त्यांतून खेळण्यातले ट्रॅक्टर ओतले. पुढे त्याचा कारखाना जवळच्या डायर्सव्हिलला गेला. त्या गावात १९८६ पासून शेती-खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिकडे या वस्तूंचा अभ्यास होतो, त्यांच्यावर वाद होतात. आपल्याकडे पाडव्यानंतर त्या कचऱ्यात जातात.

माप काय सांगते

आता मुख्य मुद्दा. ब्रिटन्सने रूढ केलेले आणि जर्मनीच्या सिकू वगैरेंनी चालवलेले प्रमाण म्हणजे एकास बत्तीस. आपल्या एका गुंठ्याची बाजू ३३ फूट. ३३ ला ३२ ने भागा : एक फूट आणि तीन सूत. म्हणजे या प्रमाणात एक चौरस फूट जवळजवळ एक गुंठाच झाला. बाजारात मिळणारी आठ बाय चारची प्लायवुडची शीट घेतली, तर तिच्यावर बरोबर तीस गुंठे बसतात. पाऊण एकर!

हे गणित केल्यावर देखाव्यांकडे बघायची नजरच बदलते. चार बाय तीनच्या पाटावर तीन ट्रॅक्टर, एक हार्वेस्टर आणि दोन जेसीबी लावलेले असतात. ती जमीन किती? साधारण अकरा गुंठे. अकरा गुंठ्यांत एवढी यंत्रे कोण ठेवतो? हे शेत नसून शोरूम झाले. परदेशी देखाव्यांच्या चित्रांची ही सरळ नक्कल आहे, आणि माझा पहिला आक्षेप तोच.

पण हेच गणित उलट बाजूने आपल्या फायद्याचेही आहे. अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर दिले. चौरस धरला तर बाजू अर्धा मैल. एकास चौसष्ट अशा बारीक प्रमाणातसुद्धा तो एक्केचाळीस फूट लांब-रुंद होतो, हॉलमध्ये मावत नाही. म्हणून तिकडचा कलाकार शेताचा तुकडाच दाखवू शकतो. आपल्याकडे भाऊवाटणी होऊन उरलेले वीस-तीस गुंठे बांधापासून बांधापर्यंत, विहिरीसकट, एका शीटवर अख्खे येतात. पूर्ण धारणा खऱ्या मापात दाखवता येणारे देखावे कुठे होऊ शकत असतील तर ते इथे. आणि आपली पोरे तिकडचे तुकडे उतरवत बसली आहेत.

ट्रॉली वळत नाही, म्हणून माणूस लागतो

चिकोडी तालुक्यातल्या एका गावी पाहिलेला देखावा मला या सगळ्यांत सरस वाटला. करणारा आयटीआयचा मुलगा. त्याचा ट्रॅक्टर रंगाने फिका होता, दिवे लागत नव्हते. पण डबल ट्रॉली त्याने फडात घातलीच नव्हती, बांधाबाहेर गाडीवाटेवर उभी केली होती. का, विचारले तर म्हणाला, “आत घातल्यावर वळतंय कुठं ओ काका?”

हा मुलगा माप शिकला होता. ट्रॅक्टर आणि मागच्या दोन ट्रॉल्या मिळून लांबी पंधरा मीटरच्या घरात जाते. गुंठ्याची बाजू दहा मीटर. एकास बत्तीसमध्ये ती गाडी दीड फूट लांब होते, आणि तीन फुटी पाटावर ती वळवायला जागाच नाही. मग ऊस गाडीपर्यंत कसा जाणार? खऱ्या शेतात जातो तसाच, डोक्यावरून. म्हणून त्याच्या देखाव्यात मोळी डोक्यावर घेतलेल्या बायका होत्या, ट्रॉलीला टेकवलेली फळी होती, फळीवरून चढणारा माणूस होता, आणि बाजूला वाड्यांचा ढीग. माप खरे धरले तर ऊसतोड टोळी देखाव्यात आपोआप येते. माप खोटे धरले की टोळी नाहीशी होते आणि ट्रॅक्टर जणू स्वतःच ऊस भरून घेतो.

मी इतर देखाव्यांत माणसे मोजली आहेत. बहुतेक ठिकाणी एकच, ड्रायव्हर. त्याला गॉगलसुद्धा असतो. बाई नाही, टोळीचा मुकादम नाही, पालाची खोपी नाही. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून दर हंगामाला माणसे इकडे येतात, त्यांच्या कोयत्यावर गव्हाणीतला ऊस अवलंबून असतो, आणि आपल्या देखाव्यात त्यांना अंगठ्याएवढीही जागा नसते. हा नुसता कलेतला दोष नाही. पन्नास वर्षांनी कोणी या देखाव्यांचे फोटो बघून इतिहास लिहिला, तर तो ऊस माणसांशिवाय तोडला गेला असे लिहील.

बारकावा म्हणजे काय

पोरांच्या भाषेत ‘मॉडिफाय’ हा मोठा शब्द आहे. बाजारातला तयार ट्रॅक्टर आणायचा, बंपर वाढवायचा, साउंड बसवायचा, रेडियमची पट्टी लावायची. यातले काही नुसते नटवणे आहे, काही अस्सल नोंद आहे, आणि समीक्षकाने दोन्ही वेगळी करून दाखवायला हवीत.

उदाहरणार्थ पुढच्या बंपरवरचे जादा वजन. मागे भार ओढताना ट्रॅक्टरचे पुढचे चाक हलके होते, म्हणून आपल्याकडचे चालक पुढे लोखंड चढवतात. हे ज्याने दाखवले त्याने खरा ट्रॅक्टर पाहिला आहे. तीच गोष्ट पुढच्या आसाच्या टर्नटेबलची. उत्तरेकडची दोनचाकी ट्रॉली आणि आपली उसाची चारचाकी ट्रॉली वेगळी. दुकानातले प्लास्टिकचे खेळणे बघून केलेल्या देखाव्यात दोनचाकीच येते, आणि जाणकाराला लगेच कळते.

वजनाचीही एक अडचण सांगतो. लांबी बत्तीसपट कमी केली की वजन बत्तीसचा घन, म्हणजे बत्तीस हजारांहून अधिक पटींनी कमी होते. दोन टनांचा ट्रॅक्टर साठेक ग्रॅमचा व्हायला हवा, दहा टन उसाची ट्रॉली तीनशे ग्रॅमची. एवढ्या भाराने रबर दबत नाही, पाटा वाकत नाही. म्हणून लहान गाडी भरलेली असूनही रिकामी वाटते. चांगला कारागीर टायर खालून किंचित तासतो, मागची बाजू सूतभर खाली बसवतो. भार दाखवण्याचे खरे कसब तिथे आहे, दिव्यांत नाही.

यंत्राचे मॉडेल निवडतानाही काळ ठरतो. इंटरनॅशनलच्या सहकार्याने १९६३ मध्ये महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि बी-२७५ आला. एचएमटीचे झेटर सत्तरच्या दशकातले. स्वराज १९७४ चा. ब्रिटन्सचा लहान मॅसी फर्ग्युसन १३५ घेऊन त्यात थोडे फेरफार केले तर आपल्याकडचा टॅफेचा मॅसी जवळपास साधतो, कारण घराणे एकच. पण बी-२७५ च्या शेजारी आजची रोटाव्हेटर आणि मागे बैलाची मोट, असे तीन काळ एकाच पाटावर आले की देखावा कोणत्याच काळाचा राहत नाही. विहिरीवर मोट आहे की विजेची मोटर, एवढे एक बघितले तरी करणाऱ्याने काळाचा विचार केला की नाही हे कळते.

आणि पाट्या. आपल्या भागात ट्रॉलीच्या फाळक्यावर मराठीही असते, कन्नडही असते. कारखान्याच्या रांगेत केए-२२, केए-२३ च्या मागे एमएच-०९ उभी असते, कारण ऊस सीमा बघून जात नाही. ज्याने दोन्ही लिप्या, दोन्ही नंबर दाखवले, त्याने सीमाभाग दाखवला. त्यावरून कोणी वाद घालू नये, ती नोंद आहे.

मोठे असले म्हणजे खरे असते असे नाही

कोणी म्हणेल, शेतीजीवन बघायचे तर कोल्हापूरजवळ कणेरी मठाचे सिद्धगिरी संग्रहालय आहे की. आहेच, आणि तिथले पूर्णाकृती पुतळे, बलुतेदारांची कामे, मळणी, मोट हे सगळे मन लावून केलेले आहे. पण तिथले गाव यंत्र येण्याआधीच थांबते, आणि थांबल्यामुळे ते सुखी दिसते. ट्रॅक्टर आला, बैल गेले, टोळ्या आल्या, बँकेचा हप्ता आला, तो पुढचा काळ आपल्या कुठल्या संग्रहालयात आहे? तो सध्या फक्त या पोरांच्या पाटावर आहे. म्हणून मी त्यांच्यावर एवढा कडक होतो.

शिवाय खऱ्या वस्तू झपाट्याने जात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान ज्या गावात चालवले आणि लोखंडी नांगराची वाट ज्या गावातून धरली, ते आपले गाव. त्यांच्या नावाचा रस्ता आजही आहे. पण जुन्या लोखंडी नांगराचे फाळ, गाडीच्या चाकाच्या धावा मी भंगाराच्या ढिगात भट्टीकडे जाताना पाहिल्या आहेत. कुरी, कुळव, जू, शिवळा यांची मापे घेऊन ठेवलेली माणसे थोडी. हाताने लहान कुरी करणाऱ्या मुलाला निदान चाड्याला नळ्या किती, हे कोणाला तरी विचारावे लागते. तेवढे विचारणे हीच आपल्या मंडळाची कामे करायची पद्धत आहे.

तेव्हा येत्या दिवाळीत आपल्या गल्लीत असा देखावा दिसला तर फोटो वरून एक आणि बाजूने एक असा घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवून. मुलाला चार गोष्टी विचारा : प्रमाण किती, साल कुठले, जमीन किती गुंठे, आणि यात काम करणारी माणसे कुठे आहेत. चौथ्या प्रश्नाला बहुतेक पोरे गप्प बसतात. पण पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या एकाने जरी मोळी घेतलेली बाई फळीवर चढवली, तरी देखावा सुधारला असे मी समजेन. ते फोटो, मापे आणि उत्तरे मंडळाकडे पाठवा. गावाचे नाव आणि तारीख मागे लिहायला मात्र विसरू नका.