इमारत कोणाला उत्तर देते?

आजचा विषय ‘निसर्गाला प्रतिसाद देणारी वास्तू’ असा जाहीर झाला आहे. यातल्या ‘प्रतिसाद’ या शब्दापाशी आपण थोडं थांबू या. आर्किटेक्ट मंडळी हा शब्द सैलपणे वापरतात आणि जाहिरातवाले तर त्याहून सैलपणे.

विचार तसा जुनाच आहे. झेनोफोनने सॉक्रेटिसच्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यांत घराची चर्चा येते. सॉक्रेटिस सांगतो, घर दक्षिणेकडे तोंड करून बांधा. हिवाळ्यात कललेला सूर्य ओसरीतून आत येईल, उन्हाळ्यात तो छपरावरून जाईल आणि सावली मिळेल. जे उपयोगी पडतं तेच सुंदर, असा त्याचा रोख. पण हे उत्तर अथेन्सचं झालं. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य इथे दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. दक्षिणेच्या खिडकीवर साधा छज्जा असला तरी उन्हाळ्यात बरंच भागतं. आपलं खरं दुखणं पश्चिमेचं. चार वाजताचं तिरपं ऊन छज्जाखालून सरळ आत घुसतं. तिथे खोल व्हरांडा हवा, उभ्या पट्ट्या हव्यात, झाड हवं, नाहीतर जिना-न्हाणीघराचा आडोसा तरी हवा. आणि आपण नेमक्या त्याच बाजूला खालपासून वरपर्यंत काच लावतो! मग आतून पडदे ओढतो, दिवे लावतो आणि एसी चालू करतो. याला प्रतिसाद कसा म्हणायचं?

आता वाड्याचं नाव निघणारच. जाड भिंती, मधला चौक, ओसरी, माजघर. रात्री गार हवा चौकात उतरते आणि जाड भिंती दिवसाचं ऊन आत पोचायला वेळ लावतात, हे सगळं खरंच आहे. विश्रामबागवाड्यात आजही ते अनुभवता येतं. पण गहिवरून जायला नको. वाड्याच्या गारव्याची किंमत कोणीतरी मोजत होतं: अंधाऱ्या स्वयंपाकघरात धूर गिळणाऱ्या बायका, हौदावरून पाणी वाहणारी माणसं. वाडा हवेला उत्तर देत होता. घरातल्या प्रत्येकाला देत होता असं नाही.

आपल्या काळातलं उदाहरण घ्यायचं तर पुणे विद्यापीठाच्या आवारातलं ‘आयुका’ घ्या. संस्था १९८८ ची, रचना चार्ल्स कोरिया यांची. उघडं आकाश हीसुद्धा एक खोलीच आहे, असं मानणारा हा आर्किटेक्ट. मधलं मोठं अंगण, भोवतीचे सावलीतले रस्ते. इथे माणूस ऊन पाहून आपली वाट निवडतो. तक्रार एवढीच की भिंतींचा काळा दगड विश्वाच्या अंधाराची खूण म्हणून शोभतो, पण एप्रिलच्या उन्हात काळा रंग तापतो. इथे अर्थाने हवामानावर मात केली आहे. आम्हांला तो सौदा मान्य आहे, पण तो सौदा आहे हे विसरू नये.

दुसरं उदाहरण हडपसरच्या ‘सुझलॉन वन अर्थ’चं, ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेलं. बुटक्या इमारती, मध्ये पाणी आणि अंगणं, ऊन अडवून उजेड आत सोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या झडपा. ‘लीड’चं प्लॅटिनम आणि ‘गृह’चे पाच तारे, दोन्ही मिळाले, आणि योग्यच मिळाले. पण असं मानांकन मुख्यतः कुंपणाच्या आतलं मोजतं. शेकडो माणसं तिथवर रोज कशी येतात, याचा हिशेब त्यात फारसा येत नाही.

आमचा मुद्दा नेमका इथे आहे. आपण निसर्ग म्हणजे ऊन, वारा, पाऊस एवढंच धरतो. पण शेजारच्या घरात राहणाऱ्यासाठी आपली इमारत हाही हवामानाचाच भाग असतो. त्याचा वारा आपण अडवतो, त्याच्या खिडकीवर आपल्या काचेचं ऊन परततं. एसी तर आतली उष्णता बाहेर ढकलतोच, वर यंत्राची स्वतःची भर घालतो. ती जाते कुठे? बोळात. जिथे वॉचमन पत्र्याच्या केबिनमध्ये बसलेला असतो.

कान्टची कसोटी इथे चपखल बसते. आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्यांनी पाळला तर टिकेल का? दारं-खिडक्या लावून उष्णता बाहेर सोडायची, हा नियम सगळ्या गल्लीने पाळला की बाहेर आणखी तापतं, प्रत्येकाचं यंत्र जास्त राबतं, आणि नियम स्वतःलाच खाऊ लागतो. झाड लावायचा नियम घ्या. सगळ्यांनी पाळला तर प्रत्येकाचं भलंच होतं.

पुण्यात सध्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे, म्हणून हे आज बोलायचं. पार्किंगचं तळघर अनेकदा प्लॉटच्या कडेपर्यंत खणलं जातं. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा कातळ. पाणी मुरतं ते मुख्यतः वरच्या मुरमात. तोच काढून काँक्रीट ओतलं की पाऊस रस्त्यावर येतो आणि मोठ्या झाडाला मूळ पसरायला माती उरत नाही. वर कुंड्या मांडून, छतावर सोलर लावून हे भरून निघत नाही. सोलर हवाच, पण झाडाची सावली रस्त्यावरच्या माणसालाही मिळते, सोलरची बचत आपल्या बिलात राहते.

तेव्हा बिल्डर नकाशा घेऊन आला की आतल्या खोल्यांचे चौरस फूट जरूर मोजा. पण आणखी तीन प्रश्न विचारा. पश्चिमेला काय आहे? खरी माती किती उरते? आणि आपल्या भिंतीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला या इमारतीकडून काय मिळतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती इमारत फक्त स्वतःशीच बोलते आहे. त्याला प्रतिसाद म्हणत नाहीत.

इथेच थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.