तट आणि तुळा : तटस्थतेच्या शब्दांचा मराठी-तमिळ विचार

तौलनिक साहित्याभ्यासात 'तटस्थ' हे विशेषण अभ्यासकाचा गुण म्हणून सहज वापरले जाते. दोन भाषांची तुलना करणाऱ्याने कोणा एकीचा पक्ष घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ आपण गृहीत धरतो. परंतु मराठीत हा शब्द दोन भिन्न वृत्तींवर एकच पांघरूण घालतो. दोन्ही बाजू ऐकून निवाडा करणारा तटस्थ असतो आणि वादाकडे पाठ फिरवून आपल्या कामाला लागणाराही तटस्थच असतो. पहिल्याने जबाबदारी पत्करलेली असते. दुसऱ्याने ती टाळलेली असते. हा भेद मराठीत कसा पुसट झाला आणि तमिळमध्ये तो कोठे टिकून राहिला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीतील या अर्थक्षेत्रात पाण्याच्या काठाची प्रतिमा वारंवार येते. 'तटस्थ' म्हणजे तटावर उभा असलेला, प्रवाहात न उतरलेला. दोन्ही पक्षांशी संधान राखणारा 'दोन्ही डगरींवर हात' ठेवतो. ज्याचा निर्णय होत नाही त्याचे 'तळ्यात-मळ्यात' चालते. 'त्रयस्थ' आणि 'तिऱ्हाईत' हे शब्द तिसरेपणावर, म्हणजे नात्याच्या अभावावर, भर देतात. कोणाच्या 'अध्यात ना मध्यात' नसणाऱ्याची या वाक्प्रचाराने बहुधा स्तुतीच होते. याउलट 'नसती उठाठेव' करणारा किंवा 'लष्कराच्या भाकऱ्या' भाजणारा हमखास थट्टेचा विषय ठरतो. या शब्दसंपत्तीचा कल स्पष्ट आहे : काठावर राहणे हे शहाणपण आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडणे हा खुळेपणा.

संस्कृत परंपरेत ही सरमिसळ नव्हती. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' हे दोन शब्द स्वतंत्रपणे येतात. शांकरभाष्यानुसार उदासीन हा कोणाचाच पक्ष घेत नाही, तर मध्यस्थ हा परस्परविरोधी अशा दोघांचेही हित इच्छितो. मराठीने दोन्ही शब्द स्वीकारले; पण 'उदासीन' अनास्थेकडे झुकला आणि 'मध्यस्थ' बहुतांशी सौदे व सोयरिकी जुळवणाऱ्यापुरता आकुंचित झाला. मोकळी झालेली जागा 'तटस्थ'ने व्यापली. काव्यशास्त्रातील या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. रसाची प्रतीती ताटस्थ्याने होत नाही आणि केवळ स्वगत म्हणूनही होत नाही, असे भट्टनायकाचे मत मम्मटाने नोंदविले आहे. म्हणजे तेथे ताटस्थ्य ही रसप्रतीतीच्या आड येणारी अवस्था आहे. मराठी समीक्षेत मात्र ते तादात्म्याचा जोडीदार बनले. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात मांडलेल्या 'सविकल्प समाधी'च्या कल्पनेतील वाचक परकायेत शिरतो आणि तरीही स्वतःचे भान राखतो. हे भान काठावर बसून मिळणारे नाही, याकडे पुढील चर्चेत पुरेसे लक्ष गेले नाही.

तमिळमधील मूळ प्रतिमा तराजूची आहे. तिरुक्कुरळच्या बाराव्या अधिकाराचे नाव 'नडुवु निलैमै', म्हणजे मध्यभागी स्थिर असणे. तो गृहस्थधर्माच्या विवेचनात येतो. संन्यस्ताच्या विरक्तीचा विचार पुढे वेगळा केलेला आहे. आधी स्वतः समतोल राहून मग वजन दाखविणारी तुळा हा तेथील आदर्श आहे. तेराव्या शतकातील भाष्यकार परिमेलळगर या गुणाचे क्षेत्र तीन प्रकारच्या माणसांपर्यंत नेतात : शत्रू, मित्र आणि 'नोदुमल', म्हणजे तिऱ्हाईत. येथे निवाडा करणारा वेगळा आणि संबंध नसलेला वेगळा. तुळेला पारड्यांपासून दूर राहता येत नाही. दोन्हींचा भार तिच्यावरच पडतो. साने गुरुजींनी तुरुंगात तमिळ शिकून कुरळ मराठीत आणला, तेव्हा या संकल्पनेला मराठी प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न मराठीला नवा नाही. 'तटस्थता' हा प्रतिशब्द योजला, तर तुळेच्या जागी तट येतो आणि अधिकाराचा आशयच उलटतो.

तमिळ भाषकांना अंग काढून घेणे ठाऊक नाही, असा याचा अर्थ नव्हे. 'नमक्केन वम्बु', म्हणजे 'आपल्याला कशाला ही कटकट', हे तेथील रोजच्या बोलण्यातील वाक्य आहे; अनिश्चित माणसाला तमिळ 'भिंतीवरचे मांजर' म्हणते. आजच्या वादचर्चेत 'नडुनिलै' हा शब्द उपहासानेही वापरला जातो. पण त्या उपहासामागे मूळ निकष शाबूत आहे : मध्याचा दावा केलास, मग निवाडा कोठे आहे?

या निकषाची कसोटी पाहण्यास चेन्नईतील टी. नगर हा परिसर योग्य ठरतो. जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी यांचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत, १९१८ मध्ये कार्यारंभ झालेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे मुख्यालय आहे आणि राजाजींचे वास्तव्यही येथेच होते. मद्रास प्रांताचे प्रमुख असताना १९३८ मध्ये शाळांत हिंदी सक्तीची करणारे राजाजी १९६५ च्या आंदोलनाच्या काळात हिंदी हीच एकमेव राजभाषा करण्याच्या विरोधात होते. त्यांनी बाजू बदलली, असा आक्षेप घेता येईल. ते काठावर राहिले, असे म्हणता येणार नाही.

तंजावरच्या भोसले राजवटीपासून तमिळ प्रदेशात स्थायिक झालेल्या मराठी भाषकाला या वादात कोणता शब्द लावायचा? हिंदी त्याची नाही आणि तमिळ घरची भाषा नाही, म्हणून 'त्रयस्थ' हा शब्द प्रथम सुचतो. परंतु देवनागरी लिपी व संस्कृतोद्भव शब्दसंपदा यांनी तो हिंदीशी बांधलेला आहे आणि तीन शतकांहून अधिक काळाच्या शेजाराने तमिळशी. दोन्ही पारड्यांचा भार त्याच्यावर आहे. त्याचे मौन हे त्रयस्थाचे मौन मानले, तर हे दुहेरी ऋण दृष्टिआड होते.

तौलनिक अभ्यासकाची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. ज्या भाषेत तो लिहितो तिचे वजन त्याच्या निष्कर्षावर पडतेच. म्हणून तुलनेत स्वतःला तटस्थ म्हणविण्याने त्याची सुटका होत नाही. मत राखून ठेवणाऱ्यासाठी 'तटस्थ' हा शब्द राहू द्यावा. दोन्हींचे हित पाहून निर्णय देणाऱ्यासाठी मराठीने 'मध्यस्थ' हा शब्द सौदागरांकडून परत मागून घ्यावा.