घरची जागा, स्वतःची वाट : सातारा-सांगलीच्या दोन महिला खासदार

सातारा-सांगलीच्या राजकीय लेखनात स्त्रीच्या कारकिर्दीची सुरुवात बहुधा एका ठरावीक वाक्याने होते : पतीची जागा रिकामी झाली आणि पक्षाने पत्नीला उमेदवारी दिली. वाक्य खोटे नसते. पण पुढच्या वीस वर्षांचा अर्थही त्याच वाक्याने लावला जातो, हा त्या लेखनाचा दोष.

कराडचे खासदार आनंदराव चव्हाण यांच्या निधनानंतर १९७३च्या पोटनिवडणुकीत प्रेमलाकाकी चव्हाण लोकसभेवर गेल्या. तो विजय सहानुभूतीचा म्हणता येईल. १९७७चा मात्र नाही. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८पैकी २० जागाच काँग्रेसला राखता आल्या, त्यांत कराड होते. १९७८च्या आरंभी पक्ष फुटला. यशवंतराव चव्हाणांचे घर कराडातच, आणि ते इंदिरा गांधींच्या विरुद्ध बाजूला. काकी इंदिराजींबरोबर राहिल्या, पुढे प्रदेश काँग्रेस (आय)च्या अध्यक्षही झाल्या. हा निर्णय वारशात मिळालेला नव्हता. १९८४ आणि १९८९मध्ये कराडने त्यांना पुन्हा निवडून दिले.

शालिनीताई पाटील यांच्याबाबत तर ते वाक्य सुरुवातीलाच अडखळते. वसंतदादा १९८३मध्ये मुख्यमंत्री झाले, सांगलीची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत ताई खासदार झाल्या. पण त्याआधीच अंतुले मंत्रिमंडळात त्यांनी महसूल खाते सांभाळले होते. १९८४मध्ये सांगलीची जागा प्रकाशबापूंकडे गेली. दादांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, १९९९मध्ये, ताई सातारा जिल्ह्यातील कोरेगावातून आमदार झाल्या; २००४मध्ये पुन्हा. आरक्षणाला आर्थिक निकष हवा, या भूमिकेपायी पक्षाने त्यांना काढले, तेव्हा त्यांनी क्रांतिसेना काढली. त्यांची भूमिका पटो न पटो, ती कोणाच्या सावलीतली नव्हती.

अमेरिकन काँग्रेसमधले एक उदाहरण येथे उपयोगी पडते. लुईझियानाचे प्रतिनिधी हेल बॉग्ज यांचे विमान ऑक्टोबर १९७२मध्ये अलास्कात बेपत्ता झाले आणि मार्च १९७३मध्ये त्यांच्या पत्नी लिंडी बॉग्ज त्या जागेवर निवडून आल्या. काकी लोकसभेत गेल्या तेच वर्ष. लिंडीबाई १९९१च्या जानेवारीपर्यंत सभागृहात होत्या. पण त्यांची आठवण निघते ती १९७४च्या कर्जविषयक कायद्यामुळे. समितीसमोरच्या मसुद्यात लिंगभेद व वैवाहिक स्थितीचा उल्लेख नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून घातला आणि प्रती सहकाऱ्यांना वाटल्या. तिथल्या चरित्रकाराने दारातून आत जाऊन कामकाजाचे कागद पाहिले. आपले चरित्रलेखन दारातच रेंगाळते.

आणि हे दार पुरुषांसाठी कधी मोजले जात नाही. १९८०पासून २०१४पर्यंत सांगलीचा प्रत्येक खासदार वसंतदादांच्याच घरातला : दादा, शालिनीताई, प्रकाशबापू, मदनभाऊ, प्रतीक. कराडात काकींनंतर १९९१मध्ये पृथ्वीराज आले. तासगाव-कवठेमहांकाळला २०१५मध्ये आर. आर. आबांनंतर सुमनताई, २०२४मध्ये रोहित. वारसा सगळ्यांचाच, मुलाकडे गेला की त्याला ‘नेतृत्व’ म्हणतात, पत्नीकडे आला की ‘सहानुभूती’. ती जणू मधल्या काळात गादी राखणारी.

या शब्दांची किंमत मोजावी लागते. काकींची खासदारकी १९९१मध्ये संपली. त्यानंतर २०२४पर्यंत कराड, सातारा आणि सांगली या मतदारसंघांतून एकही स्त्री लोकसभेवर गेलेली नाही. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. त्या जागांवर घरातल्या लेकीसुनाही उभ्या राहतील, त्यात नवल नाही. प्रश्न त्यांच्या दुसऱ्या निवडणुकीचा, पक्ष फुटल्यावर घेतलेल्या भूमिकेचा आणि सभागृहात मांडलेल्या दुरुस्तीचा आहे. लोकसभेची इतिवृत्ते छापलेली आहेत. काकी आणि ताईंचा अभ्यास त्या पानांपासून सुरू झाला, तर पुढच्या खासदारबाईंना आडनावापलीकडची ओळख मिळण्याची शक्यता आहे.